परळचे दामोदर

एस.एन.डी.टी. हे नाव मुंबईत कोणाला माहीत नाही? त्यातला ‘डी’ कोणाचा, हे मात्र फार थोडे जण सांगू शकतील. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी या नावातले दामोदर म्हणजे नाथीबाईंचे पती. परळच्या ज्या सभागृहाला गिरणगावाने पिढ्यान्‌पिढ्या नुसते ‘दामोदर’ म्हटले, तेही त्यांच्याच नावाचे: दामोदर ठाकरसी मूलजी हॉल. पत्नीचे नाव महिला विद्यापीठाला आणि पतीचे नाव गिरणी कामगारांच्या सभागृहाला, असा योग मुंबईतल्या दुसऱ्या कुठल्या घराण्याच्या वाट्याला आला असेल असे वाटत नाही. कॉटन ग्रीन, काळाचौकी, घोडपदेव, लालबाग इथल्या घरांतून विद्यापीठात जाणाऱ्या मुली अलीकडच्या. ‘दामोदर’ला मात्र या घरांतले आजोबा-पणजोबा जाऊन आलेले आहेत. कोणी रात्रशाळेत बसायला, कोणी सभेला, कोणी तोंडाला रंग लावायला.

ठाकरसी हे मुंबईतले नामवंत भाटिया घराणे. घराण्याचा वैभवकाळ कापूस आणि कापड यांवर उभा राहिला. महालक्ष्मीकडची हिंदुस्थान मिल त्यांच्याच पेढीची. दामोदरशेठ ठाकरसी मूलजींचे पुत्र, आणि दामोदरशेठचे पुत्र सर विठ्ठलदास. विठ्ठलदासांचा जन्म १८७३ सालचा. वयाची पस्तिशी गाठण्याआधीच ते गिरणीमालक संघाचे आणि मुंबई महापालिकेचे अध्यक्षपद भूषवून मोकळे झाले होते. १९११ मध्ये लल्लूभाई सामळदासांबरोबर त्यांनी मुंबईत सहकारी बँक उभी केली. आजची महाराष्ट्र राज्य सहकारी बँक ती हीच. शेतकऱ्याला सावकाराच्या पाशातून सोडवायचे तर त्याला स्वस्त कर्ज मिळाले पाहिजे, हे एका गिरणीमालकाला कळले होते आणि त्याने ते करून दाखवले, याची नोंद इथे मुद्दाम करायला हवी. १९२० मध्ये महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला त्यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला आपल्या आईचे नाव दिले. परळचा हॉल १९२२ सालचा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर विठ्ठलदास वारले. पन्नाशीही त्यांना पाहता आली नाही.

हा हॉल १९२२ मध्येच का उभा राहिला, हे समजून घ्यायचे तर कामगाराच्या घड्याळाकडे पाहावे लागते. रविवारची सुट्टी गिरणीत मुळात नव्हतीच. ती नारायण मेघाजी लोखंड्यांच्या चळवळीमुळे १८९० मध्ये मिळाली. पण बाकीच्या सहा दिवसांचे काय? विजेचे दिवे आल्यावर गिरण्या अंधारातही चालू लागल्या होत्या. १९११ च्या कायद्याने पुरुष कामगारांच्या कामाला मर्यादा घातली, तीही दिवसाला १२ तासांची. सकाळी भोंग्याबरोबर आत गेलेला माणूस रात्री चाळीत परतायचा आणि खानावळीत दोन घास खाऊन आडवा व्हायचा. अशा माणसासाठी ग्रंथालय उघडून तरी काय उपयोग? जानेवारी १९२० मध्ये मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप झाला आणि दिवस १२ तासांवरून १० तासांवर आला. कामगाराच्या हातात रोजचे दोन तास पडले. ते तास त्याने झगडून मिळवलेले होते. ते घालवायला जागा मात्र नव्हती. दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस माणसे पथाऱ्या टाकायची. मग उरे रस्ता, नाका आणि दारूचे दुकान. दामोदर हॉल उभा राहिला तो या दोन तासांसाठी. कामगाराने वेळ मिळवला होता, ठाकरसींच्या देणगीने त्या वेळेला छप्पर दिले. हॉलचा पुढचा सगळा इतिहास या दोन देण्यांच्या भेटीतून घडला आहे, असे मला वाटते.

हॉल ज्या संस्थेचा, ती सोशल सर्व्हिस लीग १९११ मध्ये स्थापन झाली. अध्यक्ष सर नारायण चंदावरकर आणि संस्थेचा प्राण नारायण मल्हार जोशी. ना. म. जोशी हे कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे, म्हणजे आताच्या रायगडातल्या माणगावजवळच्या गोरेगावचे. जन्म १८७९. काही वर्षे त्यांनी शिक्षकी केली आणि १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. त्या समाजाची रीतच अशी होती की आधी अभ्यास करायचा, मग बोलायचे. जोशींनी ती रीत परळमध्ये आणली. चाळीत जाऊन माणसे मोजायची, त्यांचे कर्ज किती, व्याज किती, मुले शाळेत जातात का, नळ किती आणि संडास किती, हे लिहून घ्यायचे आणि मग कामाला लागायचे. लीगचे त्रैमासिक निघत असे, त्यातून ही माहिती शहरासमोर येई.

काम कशाकशाचे म्हणून सांगावे? रात्रशाळा होत्या. फुकट कायदेशीर सल्ला होता. कर्जात बुडालेल्या कामगारांच्या सहकारी पतपेढ्या होत्या. दवाखाने होते, आणि १९१८ च्या इन्फ्लूएंझाच्या साथीत लीगचे स्वयंसेवक औषध घेऊन चाळीचाळींत फिरले. मला स्वतःला सर्वांत मोलाची वाटते ती फिरत्या ग्रंथालयांची कल्पना. पुस्तके भरलेली पेटी एका चाळीत नेऊन ठेवायची. ज्याला वाचता येते त्याने वाचायचे, आणि ज्याला येत नाही त्याला वाचणाऱ्याने ऐकवायचे. काही दिवसांनी ती पेटी पुढच्या चाळीत जायची आणि तिथली इकडे यायची. ग्रंथालयात या, असे कामगाराला सांगण्यापेक्षा ग्रंथालयानेच त्याच्या जिन्यावर जावे, हा विचार शंभर वर्षांपूर्वी परळ-लालबागेत प्रत्यक्ष चालला होता.

जोशींचे नाव पुढे देशभर झाले. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेच्या पहिल्या अधिवेशनात हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ते गेले. १९२१ पासून केंद्रीय विधिमंडळात त्यांनी कामगारांची बाजू वर्षानुवर्षे मांडली. कामगार संघटनांना कायद्याचे संरक्षण असावे असा ठराव त्यांनी तिथे १९२१ मध्येच आणला, आणि तो कायदा १९२६ मध्ये झाला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला मुंबईत गिरणी कामगारांची बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन उभी राहिली. तिचे अध्यक्ष जोशीच. पुढे लाल बावट्याच्या जहाल पुढाऱ्यांनी त्यांना नेमस्त म्हणून हिणवले, १९२९ मध्ये नागपुरात आयटकमध्ये, म्हणजे अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसमध्ये, फूट पडली आणि जोशी बाहेर पडले. नेमस्त तर ते होतेच. पण १९४० नंतर त्याच आयटकचे सरचिटणीसपद त्यांच्याकडेच परत आले, ही गोष्टही विसरता येणार नाही. ज्याच्याशी भांडलो तोच माणूस भरवशाचा, हे भांडणाऱ्यांनाही मान्य होते. १९५५ मध्ये ते गेले. डिलाइल रोडला आज त्यांचे नाव आहे. त्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या तरुणांना ना. म. जोशी म्हणजे कोण हे विचारून पाहावे, म्हणजे अशा स्मरणिका कशासाठी काढायच्या ते कळते.

परळ आणि त्याच्या आसपासचा तो काळच देणग्यांचा होता. शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालय १९२६ चे. नौरोसजी वाडिया प्रसूतिगृहही त्याच वर्षीचे. बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालय १९२९ चे. टाटा रुग्णालय १९४१ चे. कापसाचा आणि कापडाचा पैसा दानाच्या रूपाने परळमध्ये आला तो मुख्यतः आजारी माणसासाठी आला, आणि त्याबद्दल या वस्तीने कृतज्ञच असले पाहिजे. दामोदर हॉलचे वेगळेपण असे की तो धडधाकट माणसासाठी होता. ताप नसलेल्या, हातपाय शाबूत असलेल्या कामगाराला पाळी सुटल्यावर काय हवे असते, याचा विचार करून बांधलेली ही वास्तू. संध्याकाळी वाचायला दिवा, शिकायला बाक, बोलायला व्यासपीठ आणि नाटक करायला रंगमंच. गिरणीतल्या माणसांसाठी लीगने सूतकताई-विणकामाचे संध्याकाळचे तांत्रिक वर्गही चालवले. ज्या यंत्रावर दिवसभर उभे राहायचे, ते कसे चालते हे त्या यंत्रावरच्या माणसाला आपल्या भाषेत समजावून देणारे ते वर्ग होते.

आता या वास्तूच्या इतिहासातला सर्वांत मोठा अध्याय. १९२३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बॅरिस्टर होऊन मुंबईला परतले. त्यांचे बिऱ्हाड पोयबावडीच्या बी.आय.टी. चाळीत, दामोदर हॉलच्या अगदी जवळ. ९ मार्च १९२४ रोजी त्यांनी याच दामोदर हॉलमध्ये सभा बोलावली. अस्पृश्यांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणारी एक मध्यवर्ती संस्था असावी की नाही, हा सभेपुढचा प्रश्न. त्या सभेतून २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा जन्माला आली. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड. उपाध्यक्षांत रँग्लर र. पु. परांजपे आणि पुढे मुंबईचे मुख्यमंत्री झालेले बाळ गंगाधर खेर. व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष स्वतः बाबासाहेब आणि चिटणीस सी. ना. शिवतरकर. शिका, चेतवा, संघटित व्हा, हे सभेचे ब्रीद. सभेची कचेरी दामोदर हॉलमध्येच थाटली गेली.

त्या कचेरीचा अर्थ समजायला त्या काळच्या गिरणीच्या आत डोकवायला हवे. अस्पृश्य कामगाराला साचाखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, काम मिळत नसे. पगार साचेवाल्याला बरा मिळे, पण अस्पृश्य कामगाराला ते खाते बंद होते. कारण सांगितले जाई ते असे: धोट्यातली कांडी संपली की नवी घालावी लागे आणि धाग्याचे टोक धोट्याच्या भोकाला तोंड लावून ओढून घ्यावे लागे. एकाने ओठ लावलेल्या धोट्याला दुसरा ओठ लावणार, म्हणून सवर्ण विणकरांना तो शेजारी चालत नसे. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला. अशा गिरण्यांच्या वेढ्यात, गिरणीमालकाच्या नावाच्या वास्तूत, ज्यांना साचाखात्याचा दरवाजा बंद होता त्यांच्या संघटनेची कचेरी उघडली. त्या कचेरीतून जे काम चालले त्याचा हिशेब मोठा आहे. ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले. मुंबईत मोफत वाचनालय निघाले. हॉकी क्लब निघाला, कारण खेळणे हाही हक्कच होता.

लीगची आणि आंबेडकरी चळवळीची जवळीक नुसती जागेपुरती नव्हती. १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव आणला होता. तो अमलात आणायला २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे हजारो लोक चालत गेले, त्यांच्या महाडच्या परिषदेच्या उभारणीत अनंतराव चित्रे होते, आणि चित्रे सोशल सर्व्हिस लीगचे कार्यकर्ते. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली गेली. ती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे, तेही लीगचेच. जन्माने ब्राह्मण असलेले हे गृहस्थ पुढे बाबासाहेबांच्या ‘जनता’ पत्राचे संपादक झाले. परळच्या या इमारतीत रात्रशाळेची हजेरी घेणारी, पतपेढीचे हिशेब तपासणारी माणसे वेळ आली तेव्हा महाडला उभी राहिली. ना. म. जोशींचे गोरेगाव महाडपासून फार लांब नाही. समाजसेवा ही दुरून करायची गोष्ट नाही, हे या मंडळींनी आपल्या मुलखात जाऊन दाखवले. दामोदरशेठच्या नावाला मिळालेला हा मान कोणत्याही पुतळ्याने मिळाला नसता.

हे झाले चळवळीचे. पण दामोदरचे नाव घराघरांत पोहोचले ते नाटकामुळे. कामगारांनी स्वतः नाटके बसवावीत यासाठी हॉलबरोबरच सहकारी मनोरंजन मंडळ उभे राहिले. दारूच्या दुकानापासून माणूस नुसत्या उपदेशाने दूर राहत नाही, त्याला तालमीला बोलवावे लागते, ही त्यामागची समज. तालमीला जाणाऱ्याला संध्याकाळी सातनंतर दुसरीकडे जाता येत नाही! दिवसा त्रासन खात्यात, म्हणजे सूत कातण्याच्या खात्यात, धागे सांधणारा माणूस संध्याकाळी शिवाजी व्हायचा, लुगड्याचे ओझे सांभाळत स्त्रीपार्ट करायचा. अक्षरओळख बेताची असलेल्याला प्रॉम्प्टर ओळ न ओळ ऐकवायचा आणि तो ती तोंडपाठ करायचा. अनेकांची अक्षरओळख नाटकाच्या वहीवरच पक्की झाली.

स्वातंत्र्यानंतर दामोदरचा रंगमंच कोकणच्या गावमंडळांचा झाला. शक्ती-तुरा, नमन, जाखडी, दशावतार आणि गावकऱ्यांनी बसवलेली सामाजिक नाटके. परळमध्ये राहणारा चाकरमानी गावाला वर्षातून दोनदा जायचा, गणपतीला आणि शिमग्याला. मधल्या काळात गाव त्याच्या भेटीला यायचा तो दामोदरमध्ये. शक्ती-तुऱ्याच्या सामन्याच्या रात्री काय चाले, हे ज्यांनी अनुभवले त्यांना सांगायला नको, पण पुढच्या पिढीसाठी लिहून ठेवायला हवे. रंगमंचाच्या एका अंगाला ढोलकी, मृदुंग, झांज घेतलेला संच. मध्ये बुवा. त्यांच्याभोवती रिंगण धरून नाचणारे बाल्ये, पायात चाळ. गावच्या अंगणात हे रिंगण चहूबाजूंनी दिसते. इथे एका बाजूला काळा पडदा आणि दुसऱ्या बाजूला प्रेक्षक, म्हणून रिंगण थोडे उघडून अर्धचंद्रासारखे करावे लागे. आधी गणेशवंदना, मग गौळण, मग सवाल-जवाब. शक्तीवाल्यांनी पुराणातले कोडे घालायचे, तुरेवाल्यांनी ते गाण्यातूनच सोडवायचे आणि उलटा सवाल टाकायचा. समोरच्या रांगांतून एका वाडीतली माणसे एका बुवाच्या बाजूने आणि दुसऱ्या वाडीतली दुसऱ्याच्या. बक्षिसाचे रुपये पुढे येत, आणि प्रत्येक रुपयाबरोबर देणाऱ्याचे नाव, वाडी आणि हल्लीचा पत्ता माईकवरून पुकारला जाई: ‘हल्ली मुक्काम काळाचौकी’, ‘हल्ली मुक्काम घोडपदेव’. मध्येच पडदा टाकून सत्कार होत. शाल, नारळ, गुलाबाचे फूल. सत्कार लांबले की मागच्या रांगांतून शिट्या येत.

हे सगळे कशासाठी? इथे मला या लेखातले मुख्य सांगणे सांगायचे आहे. या खेळांचे उत्पन्न गावाला जायचे. देवळाचा सभामंडप, शाळेची कौले, विहिरीचा कठडा, मुलांच्या वह्या, स्मशानाकडे जाणारी पायवाट. प्रत्येक खेळाआधी मंडळाची बैठक चाळीतल्या खोलीत भरे. हॉलचे भाडे, संचाचे पैसे, हँडबिलाची छपाई यांचा अंदाज निघे आणि प्रत्येक सभासदाच्या हातात तिकिटांचा गठ्ठा पडे. ती खपवायची जबाबदारी त्याची. खपली नाहीत तर पैसे त्याच्या खिशातून. मग तो पाळी सुटल्यावर गेटवर उभा राही, जॉबरला दोन देई, खानावळवालीला एक देई, शेजारच्या खात्यातल्या घाटावरच्या मित्राला आग्रह करी. खेळ झाल्यावर जमाखर्च वाचला जाई, आणि उरलेली रक्कम कोणा विश्वासू माणसाबरोबर गावी पोहोचे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी शाळांच्या आणि देवळांच्या भिंतींवर ‘मुंबईकर मंडळाकडून’ अशी फरशी आहे. त्यांतल्या अनेक फरशांचा पैसा दामोदरच्या तिकिटखिडकीवर जमला आहे.

दामोदर ठाकरसींच्या नावाने झालेली देणगी एका घराण्याची होती. त्या देणगीने जो रंगमंच उभा राहिला, त्यावर उभा राहून कामगार स्वतः देणगीदार झाला. ज्याला मदत करायला आयुष्यभर कोणी ना कोणी आले, त्याने आपल्या गावाला मदत केली, आणि हिशेब वाचून केली. दानशूर उद्योगपतींच्या इतिहासात ही नोंद सहसा येत नाही. वर्‍हाड-खानदेशचा कापूस कॉटन ग्रीनच्या गोदामांत आला, गिरण्यांत गेला, त्यातून शेठना नफा झाला, नफ्यातून हॉल झाला आणि हॉलमधून कोकणातल्या शाळेवर कौले चढली. हा प्रवाह पूर्ण दाखवला तरच दामोदरशेठच्या नावाच्या देणगीचे खरे मोल कळते.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना परत आत जाता आले नाही. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. दामोदरच्या बाजूने एवढेच सांगायचे की संपानंतर प्रेक्षक पांगला. नालासोपारा, विरार, डोंबिवली, बदलापूर. तरी गावमंडळांनी खेळ लावायचे तर दामोदरच धरले. बदलापूरहून दीड तास लोकलने येऊन माणसे परळला उतरत आणि खेळ संपल्यावर शेवटची गाडी पकडायला धावत. मध्य रेल्वेचे परळ, पश्चिम रेल्वेचे प्रभादेवी आणि हार्बरचे कॉटन ग्रीन अशा तिन्ही मार्गांनी येता येण्यासारखी जागा ही सोय होतीच. पण भाडे आवाक्यातले होते आणि रंगमंचाला आपली माणसे सवयीची होती, हेही कारण. उपनगरांत पुढे नवी वातानुकूलित नाट्यगृहे झाली. तिथे शनिवार-रविवारच्या तारखा व्यावसायिक नाटकांना जातात. गावमंडळाला तारीख हवी असते तीही शनिवार-रविवारचीच, कारण त्याचा प्रेक्षक नोकरदार.

शंभरी ओलांडल्यावर, २०२३ च्या अखेरीस, पुनर्विकासासाठी दामोदरचा पडदा पडला. त्यावर रंगकर्मींनी, सहकारी मनोरंजन मंडळाने आणि लोककलावंतांनी आवाज उठवला, आणि तो रास्त होता. जुनी इमारत कायम टिकत नाही हे सर्वांना कळते. नव्या वास्तूत नाट्यगृह असावे, ते पूर्वीइतकेच मोठे असावे आणि गावमंडळाला परवडेल अशा भाड्यात मिळावे, हे मागणे होते. यातला तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रंगमंच कितीही देखणा झाला आणि त्याची तारीख चाळीतल्या बैठकीच्या आवाक्याबाहेर गेली, तर दामोदर हे नाव फक्त पाटीवर राहील.

आणखी एक मागणे या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडतो. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३ च्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालयाचे काम महापालिकेने हाती घेतले आहे. तिथे साचे दिसतील, भोंगा ऐकू येईल, चाते आणि धोटे हाताळता येतील. ते व्हायलाच हवे. पण गिरणी कामगाराचा दिवस भोंग्याने सुरू व्हायचा आणि भोंग्याने संपायचा, तेवढ्याने त्याचे आयुष्य संपत नव्हते. पाळी सुटल्यानंतरचे जे आयुष्य, त्याचे संग्रहालय दामोदरमध्येच शोभेल. नव्या वास्तूत तळमजल्यावर, तिकिटखिडकीच्या जवळ, येताजाता माणूस शिरेल असे एक दालन असावे. दामोदर ठाकरसी आणि सर विठ्ठलदास यांची ओळख तिथे असावी. ना. म. जोशींच्या कामाची मांडणी असावी. पुस्तकांच्या फिरत्या पेटीचा नमुना असावा, आणि ९ मार्च १९२४ च्या सभेचा वृत्तान्त भिंतीवर ठळक अक्षरांत असावा. त्यासाठी फार मोठा खर्च नाही. अडचण आहे ती वस्तूंची, आणि त्या वस्तू आपल्याच घरांत आहेत.

म्हणून ही स्मरणिका ज्या ज्या घरात जाईल त्या घराला विनंती. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक एकदा खाली काढा. जुन्या खेळाचे हँडबिल, न खपलेले तिकीट, मंडळाची पावतीपुस्तके, बैठकीची वही, रात्रशाळेचा दाखला, नाटकाच्या वेशातला आजोबांचा फोटो, बुवांच्या हस्ताक्षरातली गाण्यांची वही, पायातल्या चाळांचा जोड, जे सापडेल ते भंगारात देऊ नका. फोटोच्या मागे पेन्सिलीने चार गोष्टी लिहून ठेवा: कोण, कुठल्या गावचा, कुठल्या मिलमध्ये आणि कुठल्या खात्यात. साल आठवत नसेल तर तेव्हा घरात कोण जन्मले होते, कोणाचे लग्न झाले होते ते लिहा, त्यावरून साल काढता येते. घरात सत्तरी-ऐंशी ओलांडलेले कोणी असेल तर त्यांच्यासमोर मोबाइल ठेवा आणि त्यांना दामोदरमधला पहिला खेळ कोणता पाहिला ते विचारा. हे काम यंदाच्या गणपतीआधी झाले तर गावी गेल्यावर तिकडच्या पावत्याही मिळवता येतील. शाळेच्या भिंतीवरची फरशी आणि मुंबईतल्या वहीतला जमाखर्च एकमेकांशी जुळवून पाहता येईल.